वेदीसमोरची बादली

डेलिया हेशननं लाल बादली वेदीच्या डाव्या अंगाला ठेवली, पायानं जरा पुढं सरकवली, वर छताकडं बघून "पड आता मेल्या" म्हणाली, आणि घंटा वाजवायला आत गेली.

हे म्हणणं थेंबाला होतं. आमच्या क्लूनामोर गावच्या चर्चचं छत ज्या वादळात उचकटलं, त्या वादळाचं नावसुद्धा लोक आता विसरले. बिशपसाहेब दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. पण आमच्याकडचा पाऊस काही बिशपची वाट बघत थांबत नाही. आधी डेलियानं पितळेचं घंगाळ ठेवलं होतं. मग एका रविवारी फादरनी दोन्ही हात वर केलेले, सगळं चर्च गुडघ्यावर, अगदी पवित्र क्षण, आणि वरून टण्ण! मागच्या बाकावर डुलकी काढत बसलेला जॅक डफी "कोण आहे? या, या, दार उघडंच आहे!" म्हणून ओरडला. त्या दिवसापासून घंगाळ गेलं आणि प्लॅस्टिकची बादली आली. गाईंना चाटायला खनिजमीठ मिळतं ना, त्याची रिकामी बादली. आमच्याकडं घरोघरी अशा बादल्या लोळत असतात. कुणी त्यात कोळसा भरतं, कुणी बटाटे, कुणी कुत्र्याची पिल्लं. थेंब पडला की नुसतं टप्प. देवाला चालेल असा आवाज.

फक्त त्या बादलीवर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'रुएन' लिहिलेलं होतं, आणि त्यावर एक गाय जीभ बाहेर काढून हसत होती.

चर्चमध्ये बसणाऱ्यांच्या ते कधी डोळ्यावर आलं नाही. पण वर सज्जात कॅमेरा ठोकलेला होता, आणि कॅमेऱ्याला डुलकी लागत नाही.

कॅमेरा फादर एमेकांनी बसवलेला. माणूस नायजेरियाहून आलेला, मनानं लोणी, पण कायद्याला भलता भिणारा. आसपासच्या गावांनी नुसता कॅमेरा लावला आणि मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. फादरनी मात्र डब्लिनच्या ऑफिसात चॅनल रीतसर नोंदवलं. मिस्सा संपली की त्याच चॅनलवर गावच्या पोरांचे हर्लिंगचे, त्या काठी-चेंडूच्या खेळाचे, सामने दाखवायचे, म्हणून त्यांना वाटलं, नोंदवलेलं बरं. अख्ख्या परगण्यात नोंदवलेलं चॅनल एकच, आमचं. कोळ्यानं जाळं टाकायच्या आधीच मासा उडी मारून आत जाऊन बसला म्हणा ना.

ते चॅनल बघायचे कोण? बॉस्टनला गेलेले, पर्थला गेलेले, बर्मिंगहॅममध्ये म्हातारे झालेले गावकरी. आणि विनी. विनी म्हणजे डेलियाची थोरली बहीण. दोघी विधवा, एकाच घरात राहायच्या. मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या पायरीवरून विनी घसरली, खुबा मोडला, आणि वरच्या खोलीतली खाट धरली ती धरलीच. जन्मभर चर्चच्या गायनमंडळात वरच्या पट्टीत गायलेली बाई. आता दर रविवारी टॅब्लेट पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवायची, केस विंचरून घ्यायची, आणि मिस्सातलं प्रत्येक गाणं खाटेवरून पूर्ण आवाजात गायची. रस्त्यानं जाणारे सायकलवाले खिडकीखाली टोपी काढायचे, एवढा तो आवाज. आठवड्यातले सहा दिवस ती म्हातारी असायची. सातव्या दिवशी विनी असायची.

सोमवारी सकाळी फादर एमेका डेलियाच्या स्वयंपाकघरात आले आणि चहाला नको म्हणाले.

आमच्याकडं कुणी चहाला नको म्हटलं की एकच अर्थ. डेलियानं किटली खाली ठेवली. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, डेलियाबाई. तक्रार आलीय. आपल्या बादलीवर."

"बादलीवर?"

"डब्लिनहून फोन होता. व्हिडिओ दाखवणाऱ्यांवर लक्ष ठेवतं ना, ते ऑफिस. म्हणतात, धार्मिक कार्यक्रमात कुठल्याही व्यापाऱ्याचा माल मांडून दाखवायचा नाही. बाकीच्या कार्यक्रमात एक वेळ चालतं, तशी पाटी लावली तर. मिस्सात अजिबात नाही. सक्त मनाई."

"अहो फादर, ती बादली माल नाही. छपराला भोक आहे म्हणून ती आहे!"

"मी तेच सांगितलं. पण टॉम रुएननं..." फादरचा आवाज खाली गेला. "त्यानं दुकानाच्या काचेत पाटी लावलीय. 'मिस्सात दिसते तीच बादली.'"

"त्या गाढवानं?"

"आणि खप वाढलाय म्हणे. बॉस्टनचे लोक इथं भावांना फोन करून सांगतात, गाईला रुएनचंच मीठ घाल, ते फादरच्या शेजारी असतं."

डेलिया खुर्चीत बसली. "तक्रार कुणी केली?"

"नाव सांगत नाहीत ते."

"सांगायला कशाला हवं? फेस्टी ग्रीली!"

गावाच्या एका टोकाला टॉम रुएनचं पशुखाद्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला फेस्टी ग्रीलीचं. ग्रीली म्हणजे पणजोबापासूनचे व्यापारी. खत, लोखंड, छपराची कौलं, पीठ, चहा, सगळं. फेस्टी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि दानपेटीत नोट टाकताना ती आधी हवेत धरायचा, म्हणजे मागच्यांनाही नीट दिसावी.

"आणि त्यांनी आणखी एक विचारलं," फादर म्हणाले. "बादली ठेवण्याबद्दल रुएनकडून आपण काही घेतलंय का? पैसे, वस्तू, काहीही?"

"छे! माझ्यावर असला आळ?"

वरच्या मजल्यावर काठी आपटली. "हॅम!" विनीचा आवाज आला.

"विनी, तू गप्प बस!"

"अगं ख्रिसमसचा हॅम! टॉमनं दिला होता! डुकराची अख्खी तंगडी, ओव्हनचं दार लागेना! फादर, तुम्हालापण त्याचं सँडविच दिलं होतं!"

फादर एमेकांचा चेहरा पडला. "मी... खाल्लं?"

"दोन!" वरून उत्तर आलं.

"ख्रिसमसला सगळेच सगळ्यांना हॅम देतात," डेलिया कडाडली. "हॅम देणं हा गुन्हा झाला तर अर्धा देश तुरुंगात जाईल. काय करणार आहेत ते?"

"आधी ताकीद. तरी ऐकलं नाही तर दंड. म्हणजे असा दंड, की चर्च विकून भरला तरी घंटेवर जप्ती येईल." फादरनी टोपी हातात फिरवली. "आणि चॅनल बंद. मला वाटतं डेलियाबाई, आपणच आधी बंद केलेलं बरं."

वर काठी आपटली नाही. मग विनी म्हणाली, पण ओरडून नाही, "बंद म्हणजे... रविवारी दिसणार नाही?"

फादरनी जमिनीकडं बघितलं. डेलियानं जिन्याकडं बघितलं. मग तिनं ती किटली उचलली आणि फादरना न विचारता कपात चहा ओतला.

"चॅनल बंद होणार नाही," ती म्हणाली. "बादलीपण हलणार नाही. थेंब पडतो तिथं बादली ठेवायची, हा कायदा डब्लिन वसायच्या आधीपासून आहे. प्या."

"दुसरी साधी बादली ठेवली तर?"

"कुठून आणू? गावातल्या सगळ्या बादल्यांवर एक तर रुएन, नाही तर ग्रीली. कोरी बादली विकत मिळते ती फक्त फेस्टीच्या दुकानात. ज्या दिवशी मी फेस्टीकडून बादली घेईन ना फादर, त्या दिवशी मला त्याच बादलीत घालून पुरा."

"कॅमेरा वळवू?"

"मग तुम्ही दिसणार नाही, नुसता संत अँथनी दिसेल. तो प्रवचन देणार आहे का?"

पुढच्या रविवारी डेलियानं बादलीवर वेदीचं पांढरं शुभ्र कापड घातलं. चारी बाजूंनी इस्त्री केलेल्या घड्या, वर मधोमध थेंबापुरती जागा. नाव नाही, गाय नाही. ती स्वतःवरच खूश झाली.

मिस्सा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, विनीकडचा फोन वाजायला लागला. बॉस्टनहून ब्रायडी. "विनी, कोण गेलं गं? वेदीसमोर ती शवपेटी कुणाची? एवढीशी! लेकरू आहे का कुणाचं?" तिला समजावतेय तोवर पर्थहून कुणाचा तरी जावई: "ती नवी मूर्ती आहे का? आम्ही इथं मेणबत्ती लावलीय." बर्मिंगहॅमच्या म्हाताऱ्यांनी तर वर्गणी काढून पुष्पचक्र धाडायचं ठरवलं.

आणि वरून पाऊस. टप्प टप्प पडून कापड भिजलं, भिजून बादलीला चिकटलं. पांढऱ्या ओल्या कापडातून आधी लाल रंग वर आला, मग हळूहळू 'रुएन', आणि शेवटी ती गाय. नुसती बादली असताना कुणी बघत नव्हतं. आता सगळ्या जगाचे डोळे तिथंच, आणि कापडातून उगवल्यासारखं एकेक अक्षर.

"डेलिया," ती घरी आल्यावर विनी म्हणाली, "ब्रायडी विचारतेय, हा चमत्कार दर रविवारी होणार का."

त्या चमत्कारानं डब्लिनलाही जाग आणली. पुढच्या रविवारी ऑफिसची बाई स्वतः आली. ग्रोनिया टल्ली नाव. बारकी, नीटस, रेनकोटाची घडी मांडीवर ठेवून दुसऱ्या बाकावर बसली आणि पूर्ण मिस्सा बादलीकडं बघत राहिली. प्रत्येक टप्पला तिचा डावा डोळा किंचित मिटायचा.

मिस्सा झाल्यावर वेदीमागच्या खोलीत डेलियानं तिच्यापुढं चहा आणि मनुका घातलेला गोड पाव, ब्रॅक, ठेवला. टल्लीबाईनं ब्रॅकचा तुकडा उचलला आणि थांबली. "माफ करा, पण विचारावं लागतं. हा कुणी दिलाय का?"

"मी केलाय. पीठ ग्रीलीच्या दुकानचं, लोणी दूध संघाचं, आणि मनुका कुठल्या देशाच्या देव जाणे. लिहून घ्या सगळं."

"डेलियाबाई..." फादर कळवळले.

टल्लीबाई हसली, ब्रॅक खाल्ला. "हेशनबाई, मी तुमची शत्रू नाही. छप्पर गळतंय ते मला दिसलं. माझ्या मानेवरही गळलं. पण नियम मी केलेला नाही. मिस्सा चालू असताना व्यापाऱ्याचा माल मांडून ठेवला, फादरनीच कबूल केलं, त्याच्याकडून हॅम घेतला..."

"तो फादरनीपण खाल्ला!"

"...घेतला, आणि तो व्यापारी त्यावर जाहिरात करतोय. मला आता काहीतरी करावंच लागेल. मी पुढच्या रविवारी डब्लिनहून बघेन. चित्रात कुठल्याही व्यापाऱ्याचं नाव दिसलं तर कारवाई सुरू, आणि ती पुरी होईपर्यंत चॅनल बंद."

"कुठल्याही व्यापाऱ्याचं?"

"कुठल्याही."

"दिसता कामा नये?"

"नाही."

डेलियानं टल्लीबाईचा रिकामा कप उचलला. तिच्या तोंडावर एकदम इतकी शांती पसरली की फादरना घाम फुटला. त्या बाईला शांत झालेलं त्यांनी फक्त एकदाच बघितलं होतं. त्या वेळी गायनमंडळाची बाजाची पेटी नदीत सापडली होती.

शनिवारी डेलिया घरातल्या चादरी, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे आणि होतं नव्हतं ते सगळं कापड हातगाडीवर घालून चर्चमध्ये गेली. कॅमेरा चालू केला आणि विनीला फोन लावला.

"बघ गं. काय काय दिसतंय?"

विनी खाटेवर उशा रचून ताठ बसलेली, चष्मा नाकावर, टॅब्लेट मांडीवर. इतक्या महिन्यांत तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. "पहिला बाक. पितळेची पट्टी. 'मलोन, दारूविक्रेते, यांच्या स्मरणार्थ.' चमकतेय नुसती."

"झाली. पुढं?"

"खांबाजवळची. 'हेनेगन, अंत्यविधीचं सामान.'"

"त्यावर अभ्रा. पुढं?"

"पापनिवेदनाच्या खोलीवर मॅगिनिटी खाटीक. संत अँथनीच्या पायाशी दूध संघ. आणि ते तीर्थाचं भांडं, त्याच्या कडेवर काय लिहिलंय?"

"औषधवाल्याचं नाव. पण भांडं गोल आहे गं, त्यावर काय घालू?"

"चहाच्या किटलीची टोपी घाल. ती विणलेली, कोंबडीच्या आकाराची."

आमच्याकडं चर्च बांधताना हीच रीत. कुणी बाक दिला, कुणी मूर्ती, कुणी दगड, आणि ज्यानं दिलं त्यानं त्यावर आपलं नाव कोरून घेतलं. म्हणजे स्वर्गात घोळ व्हायला नको. शंभर वर्षं लोक त्या नावांच्या मधोमध गुडघे टेकत आले. ती नावं आहेत हेही कुणाला दिसेनासं झालं होतं. चादर पडली तशी एकेक दिसायला लागली.

"झालं सगळं," डेलिया दमून म्हणाली.

फोनवर विनीला खुसखुस हसू फुटलं. "डेलिया, वर बघ. वेदीच्या मागं."

वेदीच्या मागं ती मोठी रंगीत काचेची खिडकी. निळ्या झग्यातला देवदूत, हातात तराजू. त्याच्या पायाखाली सोनेरी अक्षरांत हातभर लांब ओळ: 'मार्टिन ग्रीली, व्यापारी, धान्य, लोखंड व उत्तम चहा, यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा.' फेस्टीचा आजोबा. कॅमेऱ्याच्या चित्राच्या बरोब्बर मधोमध.

"उत्तम चहा," डेलिया म्हणाली.

"उत्तम," विनी म्हणाली. "चादरी संपल्या ना? न्हाणीघराचा पडदा आण. बदकांचा."

रविवारी लोक आत आले आणि दारातच थबकले. आपलं चर्च आहे की धुणं वाळत घातलेलं अंगण, कळेना. तीर्थाच्या भांड्यावर लोकरीची कोंबडी. बोटं बुडवायला गेलेल्या मलोनबाईनं किंचाळून हात मागं घेतला. मग तिला स्वतःच्या सासऱ्याची पट्टी चादरीखाली दिसेनाशी झाल्याचं कळलं आणि ती दुसऱ्यांदा किंचाळली. हेनेगन म्हणाला, "आमच्या घराण्याच्या नावावर उशीचा अभ्रा? तीही फुलाफुलांचा?" खाटीक मॅगिनिटी नुसता लाल होत गेला. फादर एमेका बाहेर आले, सगळीकडं बघितलं, डोळे मिटले, आणि क्रूसाची खूण नेहमीपेक्षा जरा सावकाश केली.

फेस्टी ग्रीली उशिरा आला, कारण उशिरा आलं की सगळे वळून बघतात. पहिल्या बाकाशी येऊन त्यानं मान वर केली. देवदूताच्या कमरेखाली पिवळ्या बदकांचा पडदा होता. आजोबा गायब.

"हे काय आहे?"

फादर वाचत राहिले. फेस्टीचा आवाज चढला. "हे काय आहे म्हणतो मी!"

वेदीमागच्या दारात डेलिया हाताची घडी घालून उभी राहिली. "कायदा आहे, फेस्टी. व्यापाऱ्याचं नाव दिसता कामा नये. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे."

"ते माझे आजोबा आहेत!"

"आजोबा की दुकान? धान्य, लोखंड आणि चहा लिहिलंय. उत्तम चहा."

"ते स्मारक आहे! आणि ती बादली जाहिरात आहे!"

"म्हणजे तक्रार तूच केलीस?"

सगळं चर्च फेस्टीकडं वळलं. मलोन, हेनेगन, मॅगिनिटी, औषधवाला, सगळे. त्याला आयुष्यभर लोकांनी असंच वळून बघावंसं वाटत आलं होतं, पण असं नव्हे. त्यानं घसा खाकरला. आणि तो सरळ वेदीच्या पायऱ्या चढला आणि पडदा ओढायला हात वर केला.

पडदा डेलियानं पक्का बांधला होता. फेस्टीनं हिसका मारला. पडदा सुटला नाही. त्यानं टाचा उचलून आणखी एक हिसका मारला. पडदा दांडीसकट सुटला, फेस्टी मागं गेला, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसरं पाऊल अभ्रा घातलेल्या बादलीत. आठवड्याभराचं पावसाचं पाणी फादरच्या झग्यावर उडालं. अभ्रा गळून पडला. फेस्टीनं पाय वर काढला, तर बादलीही वर आली.

आता घरोघरी, बॉस्टनला, पर्थला, बर्मिंगहॅमला आणि डब्लिनला दिसत होतं ते असं. मागं सोनेरी अक्षरांत मार्टिन ग्रीली, धान्य, लोखंड व उत्तम चहा. पुढं त्यांचा नातू, खांद्यावर बदकं, एका पायावर उभा. आणि दुसरा पाय बरोबर कॅमेऱ्याकडं करून धरलेला, त्या पायात रुएनची बादली, आणि तिच्यावरची गाय जीभ काढून हसतेय. तो उडी मारत चर्चच्या दारापर्यंत गेला. धप्प, टप्प. धप्प, टप्प. दाराशी टॉम रुएन बसला होता. त्यानं सभ्यपणे उठून दार उघडलं आणि म्हणाला, "मीठ मात्र वेगळं घ्यावं लागेल, फेस्टी."

वरच्या रस्त्याला, विनीच्या खिडकीखाली, दोन सायकलवाले थांबले होते. वरून गाणं येत नव्हतं. बाई हसतेय की रडतेय हे कळेना म्हणून त्यांनी टोपी काढूनच ठेवली.

मिस्सा संपते ना संपते तोच टल्लीबाईचा फोन आला. फादरनी तो दोन बोटांत धरून, विंचवासारखा, डेलियाकडं दिला.

"हेशनबाई," टल्लीबाईचा आवाज जरा कापत होता. पाठीमागं ऑफिसात कुणीतरी खोकत होतं, पण तो खोकला नव्हता. "पहिली गोष्ट. स्मारकावरचं नाव ही जाहिरात नाही. खिडकी झाकायला मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही म्हणालात, कुठल्याही व्यापाऱ्याचं."

"म्हणाले खरी." पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "दुसरी गोष्ट. आज माल दिसला, आणि पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट दिसला. पण तो चर्चनं मांडलेला नव्हता. तो तक्रारदारानं पायात घालून कॅमेऱ्यासमोर आणला. अशा प्रकरणात काय करायचं हे नियमात नाही. वरिष्ठांनी चित्रण बघितलं, आणि दार लावून घेतलं."

"म्हणजे चॅनल?"

"चालू राहील. लेखी ताकीद मिळेल. बादली जायला हवी, आणि रुएनची पाटीही. आणि आजचं चित्रण मात्र चौकशी पुरी होईपर्यंत चॅनलवर जसंच्या तसं ठेवायचं. काढलं तर दंड."

डेलियानं फोन ठेवला, घर गाठलं आणि जिन्याखालून ओरडून सांगितलं. वरून काठी आपटली. एकदा नाही, तालात.

दुसऱ्या दिवशी फेस्टी ग्रीली तिच्या दारात उभा. पाय बांधलेला. डेलियानं चहाला विचारलं आणि तो हो म्हणाला. म्हणजे कुणी गेलं नव्हतं.

"ते चित्रण काढायला सांग फादरना," तो कपात बघत म्हणाला. "पर्थमध्ये लोक त्याला गाणं लावून बघतायत."

"माझ्या हातात काय आहे? डब्लिनचा हुकूम आहे. चौकशी संपेपर्यंत ठेवायचं. आणि चौकशी संपणार कधी? बादली जाईल तेव्हा."

"मग हलव ना बादली!"

"थेंब थांबला की हलवते."

फेस्टीनं वर बघितलं. म्हणजे चर्चच्या छपराकडं नव्हे, तिच्या स्वयंपाकघराच्याच छताकडं, पण दोघांनाही कळलं.

"तुझ्याकडं छपराची कौलं आहेत," डेलिया म्हणाली. "माणसं आहेत. शिडी आहे. आणि एक पाय अजून शाबूत आहे."

"बिशपचं काम माझ्या गळ्यात?"

"बिशप पुढच्या वर्षी बघतील म्हणालेत. तोवर पर्थवाले बघतीलच."

आठवड्याच्या आत ग्रीलीची माणसं छपरावर चढली. काम चोख झालं, हे डेलियानंही कबूल केलं, फक्त त्याच्यासमोर नाही. शेवटच्या दिवशी फेस्टी लंगडत फादरकडं आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"फादर, एक छोटीशी पितळेची पट्टी करून आणलीय. 'हे छप्पर ग्रीली कुटुंबानं...' कुठं लावू? फार मोठी नाही. वेदीच्या वर, जरा मधोमध..."

फादर एमेकांनी आधी पट्टीकडं बघितलं, मग सज्जातल्या कॅमेऱ्याकडं. आयुष्यात प्रथमच कायदा त्यांच्या बाजूला उभा होता, आणि त्यांना ते भलतंच आवडलं.

"फेस्टी," ते प्रेमानं म्हणाले, "व्यापाऱ्याचं नाव दिसता कामा नये."

अशा रीतीनं ग्रीली घराण्यातलं पहिलं बिननावाचं दान क्लूनामोरच्या डोक्यावर चढलं. पुढच्या रविवारी बाहेर मुसळधार पाऊस आणि आत शांत, कोरडं. खिडकीत देवदूत, तीर्थाच्या भांड्यात नुसतं तीर्थ. विनीनं केस विंचरले, उशा रचल्या, आणि पहिल्या गाण्यापासून असा आवाज लावला की डेलियाला तो चर्चपर्यंत आल्याचा भास झाला.

घरी आल्यावर मात्र विनी कुरकुरत होती. "फादर फार बोलतात गं. इतके दिवस मला कळलंच नव्हतं. थेंब होता तोवर निदान मोजत बसता यायचं."

ख्रिसमसला दाराशी दोन हॅम आले. एकाला रुएनची चिठ्ठी लटकवलेली, मोठ्या अक्षरांत, हसऱ्या गाईसकट. दुसऱ्याला काहीच नव्हतं. नाव नाही, गाव नाही, नुसतं तपकिरी कागदात बांधलेलं, आणि कागदाला ग्रीलीच्या दुकानातल्या चहाचा वास.

डेलियानं सरळ डब्लिनला फोन लावला. "टल्लीबाई, दोन हॅम आलेत. एक नावाचा, एक बिननावाचा. कायदा काय म्हणतो?"

टल्लीबाईनं बराच विचार केला. "बादली आहे का अजून?"

"नाही. तिच्यात आता विनीचे बटाटे आहेत."

"मग मी काही ऐकलं नाही," टल्लीबाई म्हणाली. "नाताळच्या शुभेच्छा."

डेलियानं दोन्ही हॅम ओट्यावर मांडले, सुरी घेतली आणि जिन्याखाली जाऊन ओरडली, "विनी! कुठला आधी कापू?"

"बिननावाचा!" वरून आवाज आला. "तो कुणाचा ते अख्ख्या गावाला माहीत आहे. पण आपण खाताना फेस्टीला 'तो मी दिला' म्हणता येणार नाही!"